हिरवी खूण

माझ्या भावाचा उजवा बूट नेहमी आधी जातो. डावा नव्यासारखा राहतो आणि उजव्याचा तळ मधोमध झिजून पापुद्र्याएवढा होतो. बूट शिवणाऱ्याने एकदा त्याला विचारलं होतं, साहेब, तुम्ही एका पायावर चालता का. घरात आम्हीही त्यावरून त्याची पुष्कळ टिंगल केली. मी म्हणायची, हा लहानपणी चालायला उशिरा शिकला, त्यातला एक पाय अजून शिकतोच आहे. भावजय म्हणायची, शिलाई मशीनचं पायडल दाबून दाबून होत असेल. ते पटण्यासारखं होतं, कारण त्याचं काम सोफे आणि गाद्या दुरुस्त करण्याचं. त्यामुळे त्या बुटाचा कुणी पुढे विचार केला नाही.

भावाला मी बाळ्या म्हणते. तिघांच्या बैठकीचा सोफा तो एकटा पाठीवर घेऊन जिना चढतो, पण माझ्यासाठी बाळ्याच. त्याच्या बायकोला मी हेडबाई म्हणते, आणि तोंडावर म्हणते. लहानपणी आजारात तिचे पाय गेले, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे, पण नाकावर माशी बसू देईल तर शपथ. रस्त्यात कुणी न विचारता खुर्चीच्या मुठीला हात लावला की ती मान वळवून विचारते, मी काय भाजीची गाडी आहे? लग्न ठरलं तेव्हा तिने बाळ्याला एकच अट घातली होती, मला कधी ढकलायचं नाही. बाळ्याने ती पाळली. दोघं बाहेर पडली की ही पुढे, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, आणि हा मागे, दोन्ही हात खिशात खुपसून, अखंड बडबडत. इतका शब्दाला जागणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. आणि हे मी बहीण म्हणून सांगत नाही, बहीण म्हणून मला त्याच्या बाकीच्या खोडी चांगल्या माहीत आहेत.

हेडबाईला फिरण्याची भारी हौस. पण हॉटेलवाले फोनवर सांगणार, सगळी सोय आहे, आणि जाऊन बघावं तर दारात पायऱ्या. सोय कुठे आहे म्हणून विचारलं तर दोन वेटर पुढे येणार, आम्ही उचलून नेतो ना मॅडम. अशा एका ठिकाणाहून परत आली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि वर तीच म्हणाली, बघा ताई, पाय चालत नसले तरी आग बरोबर रस्ता शोधते. कॉम्प्युटरचं कामच ती करायची. घरी बसून तिने एक अ‍ॅप तयार केलं आणि त्याला नाव दिलं ‘मोकळी वाट’. नकाशावर बागा, संग्रहालयं, हॉटेलं, समुद्रावरचे कट्टे, आणि प्रत्येकावर एक खूण. लाल म्हणजे जाऊ नका. पिवळी म्हणजे सोबत कोणी हवं. हिरवी म्हणजे एकट्याने जाता येतं.

अशी अ‍ॅपं आणखीही होती, पण लोक हिच्यावर विसंबायचे ते हिच्या एका नियमामुळे. जागेच्या मालकाचं ती काही ऐकायची नाही, फोटो मानायची नाही. ज्याच्या बुडाखाली चाकं नाहीत त्याने मला रस्ता सांगू नये, असं ती म्हणायची. प्रत्येक ठिकाणी स्वतः जायची, सोबतीला मागे बाळ्या असायचाच. खुर्चीच्या हातावर फोन अडकवून दारापासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढायची, आणि जिथे ती स्वतः पार होईल तिथेच हिरवी खूण. छोटे उंबरे तिला अडवत नसत. उंबऱ्याशी आली की खांदे मागे टाकून चाकांना एक झटका द्यायची, पुढची लहान चाकं उचलली जायची आणि खुर्ची आत. तो झटका कसा द्यायचा याचाही तिने एक व्हिडिओ केला होता, आमच्याच घराच्या दारात. तिचे हात आणि उचललं जाणारं पुढचं चाक त्यात दिसतं. मागे बाळ्या उभा होता, पडली बिडली तर धरायला. अ‍ॅपवरची पहिली हिरवी खूण आमच्या घराची, नमुना म्हणून. तो व्हिडिओ लोकांनी इतका पाहिला की अनोळखी माणसं रस्त्यात तिला थांबवून म्हणायची, तुमचा झटका बघून आम्ही घराबाहेर पडलो.

मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं. निवृत्त झाल्यावर हेडबाईने मला अ‍ॅपचा फोन घ्यायला बसवलं. ज्यांना दिसत नाही, ज्यांची बोटं चालत नाहीत, ज्यांना मुलं फोन हाताळू देत नाहीत, अशी माणसं फोन करायची आणि मी त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवायची. त्यातच घड्याळकाका.

ते घड्याळं दुरुस्त करायचे. पाठीच्या दुखण्यात कमरेखालचं गेलं, पण हात उत्तम, त्यामुळे धंदा घरातून चालू होता. त्यांची लेक त्यांना फुलासारखं जपायची. काका त्यालाच वैतागले होते. मला म्हणायचे, बाई, मी बागेत गेलो तरी ती माझ्या मागे उभी असते आणि मी वळून बघितलं की हसते. मला एकदा असं बसायचंय की मागे वळलो तर कुणी नसेल. त्यासाठी त्यांनी एक जागा हेरली होती, तळ्याकाठची पक्षी बघायची खोली. फळ्यांची वाट, लाकडी खोली, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीत लांब फट. तिच्यावर हेडबाईची हिरवी खूण होती. काकांनी माझ्याकडून त्या जागेची माहिती इतक्यांदा वाचून घेतली की मलाच तिथे जाऊन आल्यासारखं वाटायला लागलं. घरच्या दारात लेकीला उभं करून ते झटक्याचा सरावही करत होते. जमतंय हळूहळू, म्हणायचे.

एके दिवशी त्यांचा फोन आला. मागे वारा ऐकू येत होता. ‘‘फाटकाशी आलोय बाई. टॅक्सीवाल्याला परत पाठवलं,’’ ते म्हणाले, आणि शाळा चुकवलेल्या पोरासारखे हसले. मला इतका आनंद झाला की मी फोन ठेवून उगाचच चहा टाकला.

संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. खोलीच्या दारातल्या उंबऱ्यावर काकांनी झटका दिला आणि खुर्ची मागे उलटली. उजव्या मनगटाचे दोन तुकडे झाले. फोन मांडीवरून घरंगळून फळ्यांखाली गेला. तिथे माणसांची ये-जा अशी नाहीच. फाटक बंद करायला आलेल्या राखणदाराने त्यांना पाहिलं, तोवर ते उताणे पडून होते. लेक माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बाबा सांगतायत की चूक त्यांचीच, त्यांनी व्हिडिओ नीट पाहिला नाही, आणि तुमच्या मॅडमना वाईट वाटून घेऊ नका असं सांगायला त्यांनी मला फोन करायला लावलाय.

घड्याळजीचं उजवं मनगट, आणि चाक फिरवायलाही तोच हात.

मी जाऊन हेडबाईला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. पण सावरल्यावर तिच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, की त्यांचा झटका चुकला असणार, खांदे आधी टाकावे लागतात. मला तिचा राग आला. माणूस दवाखान्यात पडलाय आणि ही त्याच्या खांद्यांचं काढते आहे. पण ती हात झटकत नव्हती हेही मला दिसत होतं. तिला खरोखरच वाटत होतं की आपलं शिकवणं कुठेतरी कमी पडलं. त्या जागेचा व्हिडिओ पुन्हा पाहू, म्हणाली, उंबऱ्यापाशी सूचना घालू, म्हणजे पुढच्या माणसाचं असं होणार नाही.

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला. बाळ्या दुकानातून नुकताच आला होता, तोही बुटांसकट खुर्ची ओढून बसला. व्हिडिओ सुरू झाला. फळ्यांची वाट, हेडबाईचे हात, मागून बाळ्याची बडबड. कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या सोफ्यात सापडलेल्या चमच्याची गोष्ट तो सांगत होता. दार जवळ आलं. ऊन पाठीमागून होतं, त्यामुळे आत उघडलेल्या दाराच्या पांढऱ्या फळीवर दोघांची सावली पडली होती, खुर्चीची बसकी आणि तिच्यामागे बाळ्याची लांबलचक. उंबरा आला. हेडबाईचे खांदे मागे गेले, चित्र क्षणभर वर छताकडे झुकलं आणि परत खाली आलं. खुर्ची आत. बाळ्याचा आवाज कुठेही तुटला नाही.

‘‘थांब,’’ मी म्हणाले. ‘‘जरा मागे घे.’’

तिने मागे घेतलं. मी सावलीवर बोट ठेवलं. चित्र पुन्हा चालू झालं आणि दारावरच्या लांब सावलीने बगळ्यासारखा एक पाय उचलला, खुर्चीच्या मागे खाली असलेल्या दांडक्यावर ठेवला आणि दाबला, तशी खुर्चीची पुढची चाकं वर आली. मग गुडघा खुर्चीच्या पाठीला लागला. मग पाय खाली. दोन्ही हात खिशातच होते.

हेडबाईने ते परत पाहिलं. मग दुसऱ्या जागेचा व्हिडिओ उघडला, संग्रहालयाचा. तिथे सावली नव्हती, पण प्रत्येक उंबऱ्यावर चित्र तसंच झुकत होतं, आणि जरा कान दिला तर दांडक्यावर बूट टेकल्याचा बारीकसा ठक ऐकू येत होता. तिसरा व्हिडिओ. चौथा. ठक. ठक. इतकी वर्षं तो आवाज आम्हाला खुर्चीचाच वाटत होता.

आम्ही दोघींनी एकदमच टेबलाखाली बाळ्याच्या उजव्या बुटाकडे पाहिलं. बाळ्यानेही पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला होता की जणू दुसऱ्या कुणाचा पाय आपल्याला लावलाय.

‘‘मी लावतो पाय?’’ तो म्हणाला.

‘‘कधीपासून?’’ हेडबाईने विचारलं.

‘‘मला माहीत नाही. खरंच माहीत नाही गं. मी लावतो हेच मला माहीत नव्हतं.’’

‘‘तू मला ढकलत होतास.’’

‘‘मी हात नाही लावला कधी.’’

‘‘हात नाही लावलास,’’ ती म्हणाली. ‘‘पाय लावलास. आणि मी जगाला सांगत सुटले की मी एकटी जाते.’’

मी मध्ये पडायला गेले. याने मुद्दाम केलं नाही, म्हटलं, गाडी चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर जातो तसा याचा जात असेल. ती माझ्याकडे वळली. एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजावं, आज खैर नाही. ‘‘वन्सं, तुमचा भाऊ खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘खोटी मी पडले आहे.’’

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ती बोलायची, पण कामापुरतं. बाळ्या घरात चोरासारखा वावरायला लागला. आधी हा माणूस नुसता दारातून आत आला तरी घर भरून जायचं. आता तो तिच्या मागून जायचंही टाळायचा, पुढून वळसा घालायचा. एकदा मी त्याला दुकानात पाहिलं, सोफ्याचा पाय काढून हातात घेऊन नुसता बसला होता. मला म्हणाला, ताई, तिला वाटत होतं ती एकटी जाते, तेव्हा ती किती खूश असायची. मला त्याची दया आली आणि चीडही आली. एवढा मोठा देह, आणि आपला पाय काय करतो ते ठाऊक नाही.

हेडबाईचं काय चाललं होतं ते मला तिने सांगितलं नाही, पण कळत होतं. काका पडले याचं दुःख होतंच. पण त्याखाली आणखी एक होतं. ती जन्मभर एकाच गोष्टीवर ताठ बसत आली होती, की मला कुणी नेत नाही, मी जाते. मागच्या दांडक्यावरचा तो पाय काढला तर त्यातलं किती उरतं, हे तिला माहीत नव्हतं. आणि ते बघायला ती घाबरत होती. तिला घाबरलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

शेवटी एका सकाळी ती म्हणाली, तळ्यावर जाऊ. गाडी मी चालवली. तिथे पोचल्यावर तिने बाळ्याला सांगितलं, तू गाडीतच बस. तो बसला, हात गुडघ्यांत धरून.

फळ्यांच्या वाटेवर ती भराभर गेली. दाराशी आल्यावर मला म्हणाली, ‘‘तुम्ही आत जाऊन माझ्यासमोर उभ्या राहा. मागे नको.’’

मी उंबरा ओलांडून आत उभी राहिले. उंबरा म्हणजे काय, पाणी आत येऊ नये म्हणून ठोकलेली एक पट्टी. माझ्या पायाला तो जाणवलाही नव्हता. तिने खांदे मागे टाकले आणि झटका दिला. पुढची चाकं जेमतेम उचलली, पट्टीवर आपटली आणि परत खाली आली. तिने पुन्हा दिला. पुन्हा तेच. मग थोडं मागे जाऊन वेगाने आली. चाकं अडली आणि तीच पुढे हिसकली, खुर्चीच्या कमरपट्ट्याने धरली म्हणून वाचली. चौथ्या वेळी तिने इतक्या जोरात झटका दिला की खुर्ची मागे कलली आणि मी किंचाळून धावले.

‘‘हात लावू नका, वन्सं.’’

खुर्ची थरथरत सरळ झाली. तिचे तळहात सोलवटले होते. ती दारातूनच आतल्या फटीकडे बघत राहिली. फटीतून पाण्याचा उजेड येत होता.

‘‘मागच्या वेळी मी तिथे बसले होते,’’ ती म्हणाली. ‘‘पाणकोंबडी पाहिली होती पिल्लांसकट. मला वाटलं होतं, मी एकटीने येऊन पाहिली.’’

मग ती रडली. तिच्या मागे कुणी नव्हतं आणि समोर मी होते, आणि मला हात लावायची परवानगी नव्हती. मी तशीच उभी राहिले.

तिथून तिने गाडी दवाखान्याकडे घ्यायला लावली. मी म्हटलं, आज नको, जरा थांबू. ती म्हणाली, तो माणूस स्वतःवर खापर फोडून पडलाय, एक दिवसही जास्त नको. दवाखान्याचं दार आपोआप उघडणारं, जमीन सपाट. तिथे ती सरसर गेली, आणि मला वाटलं, आज एवढ्या एकाच ठिकाणी हिला सुखाने जाता येतंय, आणि ते ठिकाण हे.

काकांना मी पहिल्यांदाच पाहत होते. आवाजावरून मी धिप्पाड माणूस कल्पिला होता, निघाले चिमणीएवढे. मनगट प्लॅस्टरमध्ये. लेक त्यांच्या उशाशी, म्हणजे मागेच, उभी होती. हेडबाईला बघून त्यांचा चेहरा उजळला. तेच माफी मागायला लागले, मी घाई केली, खांदे आधी टाकायला हवे होते. तिने त्यांना थांबवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं, सावली, दांडका, पाय, आणि आज सकाळी दारात काय झालं ते. मी सांगितलं असतं तर त्याला चार उशा लावल्या असत्या. तिने एकही लावली नाही.

काका प्लॅस्टरकडे बघत होते. मला वाटलं आता चिडतील. चिडायचा त्यांना हक्क होता.

‘‘म्हणजे तुम्हीसुद्धा कधी एकट्या गेला नाहीत,’’ ते म्हणाले.

‘‘नाही.’’

‘‘मला वाटलं होतं, निदान एक माणूस तरी जातं.’’

एवढंच बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या लेकीने पांघरूण सारखं केलं. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली, आणि हेडबाईकडे नव्हे, बाहेर बाकावर बसलेल्या बाळ्याकडे बघत राहिली. तिला त्याच्याबद्दल काय वाटलं असेल ते मला सांगता येणार नाही. कदाचित तीच एकटी त्याला ओळखत असेल.

परत येताना हेडबाई मागच्या सीटवर बसून अ‍ॅपवरच्या हिरव्या खुणा काढत होती. जिथे उंबरा आहे, जिथे चित्र झुकलंय, ती प्रत्येक. आणि कारण लिहीत होती. माझा फोन लगेच वाजायला लागला. कुणी विचारत होतं, काय झालं. कुणी शिव्या देत होतं. एक बाई म्हणाली, आता पुन्हा माझा नवरा म्हणेल, बघ, मी सांगत होतो, घरात बस. गाडी चालवत असल्यामुळे मी फोन बाळ्याकडे दिला. तो प्रत्येकाला फक्त हो म्हणत होता. हो, चूक झाली. हो, आमचीच. इतकं कमी बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

घरी पोचलो. अंगणातून दारापर्यंत बाळ्याने कधीच उतार बांधलेला आहे, पण दाराचा उंबरा तसाच ठेवला होता. हेडबाईनेच ठेवायला लावला होता. मला काय त्याचं, म्हणाली होती.

ती गाडीतून खुर्चीत आली आणि म्हणाली, ‘‘तुम्ही दोघं आत जा.’’

‘‘अगं, आज पुरे झालं,’’ मी म्हटलं. ‘‘हात बघ तुझे.’’

‘‘जा ना ताई.’’

आम्ही आत जाऊन उभे राहिलो. ती उतार चढून दाराशी आली. याच दारात तो व्हिडिओ काढला होता. याच दारातून ती या घरात सून म्हणून आली, आणि मग रोज, बाळ्या मागे असताना. तिने खांदे मागे टाकले. झटका दिला. चाकं उंबऱ्याला धडकून थांबली. बाळ्याने दाराची चौकट इतकी घट्ट धरली होती की त्याची बोटं पांढरी झाली. तिने पुन्हा दिला. तिसऱ्यांदा खुर्ची तिरकी होऊन एका चाकाने उतारावरून मागे सरकायला लागली, आणि बाळ्याच्या घशातून असा आवाज आला की मी त्याचा दंड पकडला. तिने ब्रेक लावला. धापा टाकत बसली. आत दिवा लागलेला, टेबलावर सकाळचे कप तसेच, आणि घरची बाई दारात बाहेर.

तिने मांडीवरचा फोन उचलला. सोललेल्या बोटांनी पडद्यावर काहीतरी केलं आणि तो आमच्याकडे वळवला. आमच्या घरावरची हिरवी खूण गेली होती. तिथे पिवळी होती.

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

बाळ्या मागच्या दाराने बाहेर गेला, घराला वळसा घालून आला आणि तिच्या मागे उभा राहिला. हात खिशात नव्हते. कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

‘‘लावू का पाय?’’ त्याने विचारलं.

लग्नाला एवढी वर्षं झाली, हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. विचारायची गरजच पडली नव्हती. तिने ब्रेक काढला आणि मान हलवली.

त्याने खाली बघून पाय उचलला आणि दांडक्यावर ठेवला. तो घसरला. झोपेतही चुकला नसता तो पाय, बोलता बोलता, चालता चालता इतकी वर्षं बरोबर पडणारा, बघून टाकल्यावर चुकला. त्याने तो पुन्हा ठेवला आणि दाबला, जास्तच दाबला. खुर्चीचं तोंड वर उडालं, हेडबाईने दोन्ही हातांनी कडा धरल्या, मागची चाकं उंबऱ्यावर धाडकन चढली आणि धाडकन आत उतरली. तिचे दात एकमेकांवर आपटलेले मला ऐकू आले. बाळ्या बाहेरच थांबला, लागलं का, लागलं का, असं विचारत.

मग खुर्ची वळवून तिने उंबऱ्याकडे पाहिलं.

‘‘ताई,’’ ती म्हणाली, ‘‘केवढा उंच आहे हो हा.’’